पहिला शब्द काकाजींचा

एकोडीला मी ज्या घरात भाड्याने राहत होते, त्या घराच्या मालकांना, म्हणजे काकाजींना, मी कितीतरी वर्षं पूर्ण असं पाहिलंच नव्हतं. कधी दाराच्या चौकटीआडून अर्धे, कधी अंगणातल्या आंब्याच्या बुंध्याआडून अर्धे, कधी दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यामागून एक डोळा, एक कान आणि एक रबरी चप्पल. खोली बघायला गेले त्या दिवशी मी ओसरीत उभी राहून पाण्याचं, लाइटीचं विचारत होते आणि उत्तरं खांबामागून येत होती. मला वाटलं, माणूस लाजाळू दिसतो. लाजाळू कसला! माणूस प्रॉम्टर होता.

आमच्या भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीतलं नाटक ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. दिवाळी झाली, धान कापून झालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई भरली की नाटक आलंच. कंपनी टेम्पोतून येते, गाण्याबजावण्यासकट रात्रभर नाटक करते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी जाते, ते बरेचदा दुसरंच नाटक घेऊन. एवढी नाटकं कोणाच्या डोक्यात मावणार? म्हणून विंगेत प्रॉम्टर उभा असतो. त्याच्या हातात नाटकाचं बाड आणि तोंडात कुजबुज. तो पब्लिकला दिसायचा नाही, ऐकू यायचा नाही, पण पात्राला मात्र ऐकू गेलाच पाहिजे. काकाजींनी हे काम इतक्या इमानाने केलं की पुढे कंपनी सुटली तरी विंग काही सुटली नाही. जिथे उभे राहतील तिथे आधी आडोसा बघायचे.

घरात भिंतीवर लग्नाचा फोटो होता. त्यात काकू चांगल्या ठसठशीत उभ्या आहेत आणि शेजारी काकाजी अर्धे. फोटोग्राफरने म्हणे हाताला धरून पुढे ओढलं होतं, पण बटण दाबेपर्यंत ते पडद्यामागे सरकले. मुलाच्या लग्नातल्या फोटोत तर नुसता खांदाच आहे. मी एकदा विचारलं, "काकाजी, तुमचा अख्खा फोटो एकही नाही का हो?"

"आधार कार्डावर हाये," काकाजी म्हणाले. "तिथं विंगच नोती."

त्यांचा आवाज म्हणजे कुजबुज. मोठ्याने बोलणं त्यांना येतच नसावं असं मला वाटायचं. पण ती कुजबुज साधीसुधी नव्हती. ती ओसरीतून निघायची, रस्ता ओलांडायची, पानठेल्यावरची सगळी माणसं टाळायची आणि ज्याला सांगायचं त्याच्याच कानात शिरायची. "गजानन, दूध उतू जाऊन राह्यलं" असं ते इकडे हळूच म्हणत आणि तिकडे गजानन चुलीकडे धावायचा. गजाननचं घर चांगलं बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पलीकडे होतं.

खिशात कायम एक टॉर्च. भर दुपारीसुद्धा. विंगेत अंधार असतो, म्हणून टॉर्च लागायचाच, आणि सवय ती सवय. गणपतीच्या आरतीला अख्खं गाव डोळे मिटून म्हणत असे आणि काकाजी मखराच्या आडून टॉर्च मारून पुस्तकातून वाचत असत. "सुखकर्ता"सुद्धा. मी म्हटलं, काकाजी, एवढी वर्षं झाली, अजून पाठ नाही?

"पाठ करनं हे पात्राचं काम व्हय, बाई," ते जरा रागावूनच म्हणाले. "प्रॉम्टरनं पाठ केलं का थो वाचत नाई. अना वाचत नाई तं चुकते. मले जिंदगीत एक ओळ पाठ नाई."

हे ते मोठ्या अभिमानाने सांगत. दुसरा अभिमान होता त्यांच्या नियमाचा. पहिला शब्द प्रॉम्टरचा, बाकीचं वाक्य पात्राचं. पात्र अडलं तर एकच शब्द द्यायचा, दुसरा द्यायचा नाही. दुसरा दिला की पात्र आळशी होतं आणि मग त्याला अख्खं नाटक भरवावं लागतं. आता हे विंगेपुरतं ठीक होतं. पण काकाजींच्या लेखी जगात जेवढी माणसं होती ती सगळी पात्रंच होती. सरपंच पात्र, बसचा कंडक्टर पात्र, आणि ढोरांच्या दवाखान्यात नव्याने आलेली मी, हेही एक पात्र.

माझा दवाखाना त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता, म्हणजे त्यांच्या हिशेबाने कुजबुजीच्या. सकाळी बोडीवरून आंघोळ करून येताना ते माझ्या खिडकीबाहेर थांबत. अर्धेच. आत एखादा शेतकरी टोपी चोळत उभा असे. बाईमाणसासमोर जनावराचं सगळंच सांगता येत नाही.

"बाई, मायी म्हैस..."

"काय झालं म्हशीला?"

"नाई म्हणजे... थे मायी म्हैस..."

"माजावर," खिडकीतून येई.

"माजावर येत नाई जी!" तो बिचारा एका दमात मोकळा होई आणि खिडकीबाहेर रबरी चपलांचा आवाज घराकडे निघून जाई. आधी आधी मला याचा भारी राग यायचा. हा काय दवाखाना आहे की नाटक? पण नंतर लक्षात आलं की काकाजी तीर्थयात्रेला गेले की माझ्या दवाखान्याचं काम निम्म्याने मंदावतं. आता माझी बदली दिघोरीला झाली आहे आणि तिथेही कोणी असा अडखळला की मी खिडकीकडे बघते.

ते कधी चुकत नसत असं मात्र नाही. चुकत, आणि जबरदस्त चुकत. कारण डोक्यात सगळी नाटकं एकत्र शिजत असायची. गजाननच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. पाठवणीच्या वेळी गजानन व्याह्यांसमोर हात जोडून उभा राहिला आणि त्याला काही बोलता येईना. डोळे भरलेत, सगळा मांडव त्याच्याकडे बघतोय. काकाजी मांडवाच्या खांबाआड होतेच. त्यांनी माणुसकीने पहिला शब्द दिला. पण तो त्या लग्नाचा नव्हता, कुठल्यातरी खुनाच्या नाटकातला होता.

"खबरदार," काकाजी कुजबुजले.

आणि गजाननने, आयुष्यात कधी कोणाला मोठ्याने न बोललेल्या गजाननने, हात जोडलेल्या अवस्थेत मांडव दणाणून सोडला, "खबरदार!"

वाजंत्री थांबली. नवरदेवाच्या हातातला रुमाल पडला. गजानन स्वतःच इतका दचकला की त्याला वाक्य पुरं करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. "खबरदार, मायी पोरगी रडली तं! मी आजवर तिले रडू देल्लं नाई!" आणि तो स्वतःच ढसाढसा रडायला लागला. व्याही पुढे झाले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. त्या मुलीला सासरी आजही मान आहे आणि आमच्याकडे लोक म्हणतात तो त्या एका शब्दामुळे आहे. काकाजींना मात्र हे आवडत नसे. "चुकीचा शब्द देल्ला मी," ते म्हणत. "पात्र चांगलं होतं म्हणून निभलं."

काकू त्याच कंपनीत गात असत. मी राहायला गेले तेव्हा त्यांचं वय झालं होतं, पण बोलण्याचा धबधबा होता. भाजी निवडता निवडता त्या मला जुन्या गोष्टी सांगत. त्यातली एक त्यांनी काकाजी बाजारात गेल्याची खात्री करून घेऊन सांगितली. "मले कायी आठवत नसे असं नाई, बाई. सगळं तोंडपाठ. पण विंगेतून तुमच्या काकाजीचा आवाज आला का बरं वाटे. मंग मुद्दाम अटकत होती मी. त्यायले वाटे, या पोरीचं डोकसं कच्चं हाये. अजून बी तसंच वाटते. त्यायले सांगजा नोका."

काकू त्यांना "अजी" म्हणत. आमच्याकडे सगळ्याच बायका नवऱ्याला म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण काकूंना त्या एका शब्दावर सगळा संसार चालवता येत असे. चहा झाल्याची "अजी" वेगळी, कोणी भेटायला आल्याची वेगळी. शेवट वर चढला की समजावं, मुलाचा फोन आला आहे. आणि एक रागाची होती. ती आखूड, खालच्या पट्टीतली, तिच्यानंतर काकूंना दुसरा शब्द बोलावा लागत नसे. काकाजी जिथे असतील तिथून निमूट निघत आणि राहिलेलं काम करायला लागत. माझ्या खोलीत बसून मला कळायचं की आता चहा आहे की कानउघाडणी.

मग एका सकाळी काकूंना लकवा मारला. आधी भंडाऱ्याला, मग नागपूरला, असं बरंच झालं. जीव वाचला, पाय सुधारला, उजवा हात थोडा लुळा राहिला. गेलं ते बोलणं. त्यांना सगळं कळत होतं, डोळे तसेच तरतरीत होते, पण तोंडातून फक्त "तं" निघायचं. "तं... तं..." आमच्या बोलीत वाक्य असंच सुरू होतं, "तं काय झालं का..." त्यामुळे दर वेळी वाटायचं, आता काकू सांगणार. पण त्यापुढे काही येत नसे. डॉक्टर म्हणाले होते, येईलही, नाहीही येणार. जितका उशीर होईल तितकं कठीण.

शेजारणी भेटायला यायच्या. काकू "तं..." म्हणायच्या आणि सगळ्याजणी एकदम सुरू व्हायच्या, "पाणी? पाणी पायजे का? पाठ दुखून राह्यली का? पोराची आठवण आली का वो?" कपाटाआडून काकाजी बाहेर येत, म्हणजे अर्धे येत, आणि कळवळून म्हणत, "तिचं वाक्य खाऊ नका वो! तिचं हाये, तिले बोलू द्या!"

मी पाहत होते. साऱ्या गावाच्या तोंडात शब्द देणारा हा माणूस बायकोच्या बाबतीत भलताच कंजूष झाला होता. चहा आणला की कप हातात धरून समोर, कपाटाआड अर्धे बसत आणि नुसतं "च" म्हणत. मग थांबत. काकू "तं... तं..." करत. ते थांबत. चहा निवून जाई. पुन्हा गरम करून आणत, पुन्हा "च". एकदा काकूंनी वैतागून डाव्या हाताने कप भिरकावला. काकाजींच्या अंगावर चहा उडाला आणि ते खूश होऊन दाराआडून मला सांगायला लागले, "पाह्यलं बाई? एंट्री बरोबर घेतली तिनं!"

पण "अजी" हा शब्द त्यांनी काकूंना कधीच सुचवला नाही. चहाचा च दिला, पाण्याचा पा दिला, मुलाच्या नावाचा प्र दिला, हा मात्र नाही. मी एकदा न राहवून विचारलं. ते आंब्याच्या झाडामागे होते, त्यामुळे तोंड दिसलं नाही.

"मले बाकी कायी नको, बाई," झाडामागून आवाज आला. "पुरं नाटक नको. तिनं एक खेप 'अजी' म्हनावं, बस. पण थे मी सांगून कसं जमन? मी सांगितलं तं मायंच मले आयकू येईन."

मी झाडाकडे बघत उभी राहिले. मला पहिला शब्द द्यायला कोणी नव्हतं.

सिनेमाचं झालं ते असं. माझ्या धाकट्या भावाला जुन्या सिनेमांचा नाद आहे. त्याने मला एक पेनड्राइव्ह दिला होता. त्यात एक मुका सिनेमा होता, कुठल्यातरी बाहेरदेशातला, आवाज शोधून काढण्याच्या आधीचा. रविवारी दुपारी मी ओसरीत लॅपटॉपवर तो लावून बसले. काकू शेजारी खुर्चीत. सिनेमात एक गाणारी नाटक कंपनी आहे, ती आगगाडीने गावोगाव हिंडते. मॅनेजर उंच टोपीवाला आणि सदा घामाघूम. नायिका चांगली भरल्या अंगाची, तिच्या पेट्याच पेट्या. एक म्हातारा वादक, तो वाजवता वाजवता वाद्यावरच झोपतो. सगळा सिनेमा गाण्याबद्दल, आणि गाणं एकही ऐकू येत नाही. तोंडं तेवढी उघडतात आणि मिटतात.

थोड्या वेळाने माझ्या मागे खांबाआड कुजबुज झाली. "बाई, हा मधामधात कागद कायचा येते?"

"काकाजी, ते काय बोलले ते लिहून दाखवतात. आवाज नाही ना."

पुढचा कागद काकाजींनी निरखून पाहिला. मग एकदम त्यांना उलगडा झाला. "म्हंजे थो या लोकायचा प्रॉम्टर हाये!"

"नाही हो, ते..."

"पण उशिरा सांगते बुवा हा! पात्र आधी तोंड हालवते, अना मंग हा सांगते. आमच्या कंपनीत असता तं पहिल्याच अंकात हाकलला असता."

असा बेजबाबदार प्रॉम्टर काकाजींना बघवेना. नायिकेने पुढच्या वेळी तोंड उघडलं मात्र, मागून वेळेवर आवाज आला, "मॅनेजरसाहेब, माह्या पेट्या कुठी हायेत?" मॅनेजरने दोन्ही हात वर केले. "अवो बाई, टेम्पो फसला ना दिघोरीच्या नाल्यात!" म्हातारा वादक झोपेतून दचकून उठला. "नाल्यात? मंग जेवन कुठी हाये?"

आणि काकू हसल्या. लकव्यानंतर पहिल्यांदा. तोंड जरा वाकडं, पण हसू तेच, पोटातून येणारं, डोळ्यांत पाणी आणणारं. काकाजींनी खांबाआडून डोकावून पाहिलं. मग दुप्पट वेगाने सुरू झाले.

त्या दिवसापासून रोज दुपारी सिनेमा. दर वेळी बोलणं वेगळं. काल जो मॅनेजर साकोलीचा होता तो आज लाखांदूरचा होई, नायिका कधी मॅनेजरची मेहुणी तर कधी त्याच्यावर केस करायला निघालेली. पाठ नाही ना काहीच! काकू रोज हसायच्या. पण हसून झालं की परत "तं... तं..." आणि पुढे कोरं.

दिवाळी जवळ आली तसं काकाजींच्या मनाने घेतलं की हा सिनेमा मंडईच्या दिवशी दुपारी सगळ्या गावाला दाखवायचा आणि काकूंना पहिल्या रांगेत बसवायचं. मुलगा प्रमोद जवाहरनगरला फॅक्टरीत आहे, तो सुट्टीला घरी आला होता. तो भडकला.

"कायले, बाबा? सारा गाव पाह्यला येईन. आई 'तं तं' करन अना लोक हासतीन. आईचं हासं करून राह्यले तुमी."

"लोक सिनेमाले हासतीन."

"अना आई? तिले काय वाटन?"

काकाजी दाराआडून म्हणाले, "तू तिले पब्लिकपुढं पाह्यली नाई कधी. मी पाह्यली हाये. घरी जे आठवत नाई, थे पडदा सरकला का आठवते. पात्राले पब्लिक पायजे रे. घरी मी एकटा काय पुरतो?"

"अना नाई आठवलं तं?"

काकाजी दाराआड आणखी आत सरकले. प्रमोद माझ्याकडे वळला, म्हणाला, मॅडम तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही तरी समजावा. मी काकूंकडे पाहिलं. त्या आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघत होत्या आणि डाव्या हाताने डोक्यावरचा पदर सारखा करत होत्या. नाटकाला निघालेल्या बाईसारखा. मी म्हटलं, "काकूंनी ठरवलंय, प्रमोद."

मंडईच्या दिवशी दुपारी समाजमंदिरात आम्ही धानाच्या रिकाम्या पोत्यांनी खिडक्या झाकल्या. शाळेचा प्रोजेक्टर आणला. भिंतीसमोर दोरीला एक पांढरी चादर टांगली. काकाजी तिच्या कडेला उभे, अर्धे बाहेर, अर्धे चादरीमागे. काकू पहिल्या रांगेत, हिरव्या लुगड्यात. मी लॅपटॉपपाशी. बाहेर पाळणे, जिलेबी, दंडारीच्या नाचाचा ढोल, तरी आत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रमोद मागे दाराशी हाताची घडी घालून उभा होता.

आमच्या लोकांना सिनेमा कसा पाहतात हे माहीत आहे. मोबाइलवर सगळेच पाहतात. पण पडद्यावर नाटक कंपनी, शेजारी उभ्या असलेल्या काकाजींचा आवाज आणि मंडईचा दिवस, एवढं एकत्र आल्यावर पब्लिक विसरलंच की हा सिनेमा आहे. म्हाताऱ्या वादकाच्या अंगावर पेट्यांचा ढीग कोसळला आणि कोणीतरी ओरडलं, "वन्स मोर!" मग सगळेच ओरडायला लागले. नाटकात पब्लिकने वन्स मोर दिला की तो घ्यावाच लागतो, नाही घेतला तर अपमान.

मी काकाजींकडे पाहिलं. "मांगं घ्या, बाई," चादरीमागून हुकूम आला. मी सिनेमा मागे घेतला. पेट्या जमिनीवरून उडून परत आपापल्या जागी बसल्या, म्हातारा ताठ झाला, पब्लिकने त्यालाही टाळ्या दिल्या, आणि पेट्या पुन्हा कोसळल्या. तासाभराचा सिनेमा, पण अर्ध्यावर येईपर्यंत बाहेर उन्हं कलायला लागली होती.

मग तो प्रसंग आला. कंपनी गाडीत चढते आहे. नायिका डब्याच्या दारात अडकते, अर्धी आत, अर्धी बाहेर, मॅनेजर फलाटावरून ढकलतोय, वादक आतून ओढतोय, गाडी सुटते आणि ती तशाच अवस्थेत गायला लागते. घरी काकाजी इथे रोज काहीतरी वेगळं म्हणत. त्या दिवशी पब्लिक बघून त्यांना स्फुरण चढलं आणि त्यांनी चक्क गाणं रचलं, तिथल्या तिथे, बायकी आवाज काढून:

"अजी, गाडी निंगाली,
मी दारातच अटकली,
अर्धी तुमच्या गावाले
अना अर्धी माहेरी राह्यली!"

समाजमंदिर डोक्यावर घेतलं लोकांनी. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. काकू तर पुढे वाकून हसत होत्या. आणि गजानन, मुलीच्या लग्नापासून ज्याचा आवाज मोकळा झाला होता तो गजानन, बाकावर उभा राहून गरजला, "वन्स मोर!"

मी सिनेमा मागे घेतला. गाडी उलटी फलाटावर आली, नायिका दारातून सुटली, मॅनेजरने टोपी सारखी केली. पुन्हा ती अडकली. पुन्हा गाडी सुटली. पुन्हा तिने तोंड उघडलं.

आणि काकाजी गप्प.

आधी लोकांना वाटलं, हीही गंमत आहे. मग हसणं थोडं थोडं थांबलं. पडद्यावर ती बाई तोंड उघडत होती, मिटत होती, आणि चादरीच्या कडेला काकाजींचा अर्धा चेहरा पांढरा पडला होता. टॉर्च त्यांनी खिशातून काढला होता, पेटवलाही होता, पण तो मारायचा कशावर? कागदच नव्हता. आत्ता सुचलं, आत्ता म्हटलं, आत्ता गेलं. एक ओळ पाठ नसलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा पात्र झाला होता आणि त्याच्या विंगेत कोणीच नव्हतं. मागे दाराशी प्रमोदने हाताची घडी सोडली.

मला तो पहिला शब्द आठवत होता. माझ्या अगदी ओठांवर आला होता. पण माझं लक्ष काकूंकडे गेलं आणि मी तोंड मिटलं.

काकूंचं हसू थांबलं होतं. त्या चादरीकडे बघत होत्या, त्या अर्ध्या चेहऱ्याकडे, मान पुढे काढून.

"तं..." काकू म्हणाल्या. "तं... तं..."

कोणी "पाणी का" म्हणून विचारलं नाही. एवढं पब्लिक, पण एकानेही त्यांचं वाक्य खाल्लं नाही.

"अजी," काकू म्हणाल्या.

स्पष्ट. हळू, पण समाजमंदिरात शेवटच्या माणसापर्यंत जाईल अशी. आता ती त्यांनी नवऱ्याला मारलेली हाक होती की अडलेल्या पात्राला दिलेला पहिला शब्द होता, यावर एकोडीत अजून एकमत नाही. गाण्याचा पहिला शब्द तोच होता, आणि तोच द्यायचा असतो.

पहिला शब्द मिळाला की पात्राने वाक्य उचलायचं, हा काकाजींचा नियम. त्यांनी उचललं नाही. टॉर्च हातातून पडला. ते चादरीच्या आडून बाहेर आले, पूर्ण, डोक्यापासून रबरी चपलांपर्यंत. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या अंगावर पडला आणि गाडी त्यांच्या सदऱ्यावरून धावायला लागली. इतकी वर्षं त्यांच्या घरात राहून मी त्यांना अख्खं असं तेव्हाच पाहिलं. ते काकूंच्या समोर येऊन उभे राहिले, तोंड उघडलं, आणि ज्या माणसाला मोठ्याने बोलता येत नाही असं मी समजत होते तो माणूस सगळ्या पब्लिकदेखत ओरडला:

"वन्स मोर!"

काकूंनी घेतला. पण ही दुसरी "अजी" आखूड होती, खालच्या पट्टीतली. तिचा अर्थ अख्ख्या एकोडीला कळला. पब्लिक खोळंबलं आहे, गाणं अर्धवट राहिलं आहे, आणि तुम्ही इथे काय करून राहिलात?

काकाजी निमूट वळले आणि डोळे पुसत चादरीमागे गेले.